मोटार तीनदा भरली, मग तांबं कुठं गेलं?

आमच्या डंखाची, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्राची, मोटार पहिल्यांदा जळली ती १७ मार्च २०२५ ला, सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला. धुळवड होऊन तीन दिवस झाले होते आणि दारात मिरचीच्या नऊ पिशव्या नंबर लावून ठेवल्या होत्या. बटण दाबल्यावर मोटार नेहमीपेक्षा जास्त वेळ घुमत राहिली, मग पट्टा थांबला आणि जाळीतून धूर आला. मिरचीचा ठसका आमच्या नाकाला सवयीचा आहे. हा वास वेगळा होता, करपट आणि थोडा गोडसर. तो तारेवरच्या वॉर्निशचा असतो, हे नंतर कळलं.

कोल्हापुरात मार्च ते मे हे चटणीचे दिवस. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी नाहीतर लवंगी तिखटाला, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि पावसाच्या आत वर्षाची चटणी बरणीत गेली पाहिजे. घराच्या मागच्या शेडमध्ये मी आणि सासूबाई मिळून कांडप करतो. माणूस ठेवलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये बचत गटाचं कर्ज काढून ३८,००० रुपयांना यंत्र घेतलं, त्यावर दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार. किलोला ५० रुपये घेतो. सीझनला दिवसाला तीस-पस्तीस किलो होतं, एरवी आठवड्याला तेवढं होणं मुश्कील. म्हणजे मार्चमधला बंद पडलेला एक दिवस आम्हाला फार महाग पडतो.

दुरुस्तीचं दुकान घरापासून दीड किलोमीटरवर. मालक नवऱ्याच्या तालमीतला ओळखीचा, मला वहिनी म्हणणारा. रिक्षात मोटार घालून नेली. त्यानं उघडून बघितली आणि म्हणाला, "वायंडिंग गेलंय वहिनी. पूर्ण भरावी लागणार. परवा देतो." वायंडिंग म्हणजे मोटारीच्या आत गुंडाळलेली तार, आणि ती काढून नवी घालणं म्हणजे मोटार भरणं. दर विचारायचं मला सुचलं नाही. ओळखीच्या माणसाला पैसे आधी विचारणं बरं दिसत नाही, असं तेव्हा वाटलं. फक्त एवढं विचारलं, "तांब्याचीच भरणार ना?" तो म्हणाला, "व्हय की, दुसरी कसली भरतोय."

१९ मार्चला मोटार मिळाली. ४,२०० रुपये. वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलं होतं: '२ एचपी मोटार वायंडिंग पूर्ण – ४२००'. सही नाही, शिक्का नाही, तारीखही मीच मागून टाकून घेतली. पैसे फोनवरून दिले. तेव्हा सोय म्हणून दिले, पण सहा महिन्यांनी त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट फार कामाला आला.

दुसऱ्यांदा जळली ८ एप्रिलला. जोतिबाची यात्रा चार दिवसांवर आली होती आणि बऱ्याच बायकांना यात्रेआधी चटणी हवी होती. मी त्याच दुकानात गेले. तो म्हणाला, "व्होल्टेज कमी येतंय तुमच्याकडं. मोटार काय करणार?" यावेळी ३,८०० घेतले. चारशे रुपये ओळखीखातर सोडले, असं दोनदा सांगितलं. चिठ्ठीवर फक्त 'मोटार रिपेअर' आणि आकडा. हे पैसे सासूबाईंनी रोख दिले.

व्होल्टेजचं मला पटलं. विजेच्या तक्रारीच्या १९१२ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली, दोन दिवसांनी लाइनमन आला आणि मीटरपाशी व्होल्टेज मोजलं. २२६. २३० च्या सहा टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४, असं त्यानं सांगितलं. आमचं त्यात बसत होतं. मी तो आकडा दुकानात सांगितला. मालक म्हणाला, "दिवसभर तेवढंच राहतंय व्हय? संध्याकाळी बघा." बोलणं तिथंच थांबलं. आकडा मीटरपाशी घेतला होता, मोटारीपाशी नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते पुढं येईल.

तिसऱ्यांदा २९ एप्रिल, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. आता वायंडिंगबरोबर कपॅसिटर, बेअरिंग आणि आतला सीएफ स्विच (मोटारीनं वेग घेतला की सुरुवातीची वायंडिंग बंद करणारा), सगळंच बदलायला हवं असं सांगितलं. ४,५०० रुपये. कशाला किती, असं मी पहिल्यांदाच विचारलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. "वहिनी, असं सुटं सुटं कुणी लिहीत नाही ओ," एवढंच म्हणाला. मी परत विचारलं तेव्हा तोंडी सांगितलं: कपॅसिटर आणि दोन बेअरिंगचे मिळून सातशे, बाकी सगळं काम. घरी आल्या आल्या ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

त्या रात्री हिशेब केला. तीन वेळचे मिळून १२,५०० रुपये. तशीच नवी मोटार तेव्हा ११,८०० ला मिळत होती. मला रडू आलं, खरंच. पैशापेक्षाही, तीनही वेळा नवीच घ्यायचा विचार आला होता आणि तीनही वेळा 'भरून होतंय तर कशाला' म्हणून मीच थांबले होते, त्याचं वाईट वाटलं.

१६ मेला मोटार चौथ्यांदा बंद पडली. सतरा दिवसांत. दुकानदारानं ४,००० सांगितले. मी म्हटलं, "दादा, आधीच्या कामाचं काय?" उत्तर आलं, "वायंडिंगला गॅरंटी नसते. जळाली की जळाली." त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, हे आता मला माहीत आहे. मोटार बाहेरच्या कारणानं जळू शकते आणि भरणाऱ्याच्या हातात ते नसतं. पण तीन वेळा एकच गोष्ट जळते तेव्हा ती का जळते, हे बघणं दुरुस्तीत येतं की नाही? मी मोटार उचलून घरी आणली. रिक्षावाल्या काकांनी भाडं घेतलं नाही.

आमच्या यंत्राचा स्टँड जोडून देणाऱ्या माणसानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. वयस्कर, दुकान लहान, बाहेर पाटीही धड नाही. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला: "ताई, तुमच्याकडं मिरची मोजायचा काटा असेल की. मोटार त्यावर ठेवा. आणि नव्या मोटारीबरोबर कागद आला होता, त्यात वजन लिहिलेलं असतंय, ते बघा."

कागद सापडला. त्यात २६ किलो. काट्यावर भरलं २४ किलो २०० ग्रॅम.

मी काटा पुसून मोटार पुन्हा ठेवली. तेवढंच.

१९ मेला, सोमवारी, मोटार त्यांच्याकडे नेली. उघडून तपासायचे ३०० रुपये, हे त्यांनी आधीच सांगितलं. काम त्यांनाच दिलं तर ते धरणार नाहीत, हेही सांगितलं. माझ्यासमोर झाकण काढलं. आतली तार दिसायला तांबूसच होती. त्यांनी ब्लेडनं एका वेढ्यावर खरवडलं आणि तो मला दाखवला. आतून पांढरी, चांदीसारखी. "वरचा रंग इनॅमलचा. आत अ‍ॅल्युमिनियम. तांबं असतं तर खरवडल्यावर लालच निघालं असतं."

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग त्यांनी जे समजावलं ते जसं कळलं तसं सांगते, कारण मोटार भरायला टाकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला वाटतं. अ‍ॅल्युमिनियम काही खोटा माल नाही. कमी भाराच्या मोटारीत, काही पंख्यांत कारखान्यातूनच ते येतं. पण ते वीज वाहून नेतं तांब्याच्या साधारण साठ टक्के. तेवढंच काम करायला तार जाड लागते. मोटारीच्या खाचा तांब्याच्या तारेच्या मापानं केलेल्या असतात, जाड तार त्यात बसत नाही. मग त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार भरली की मोटार चालते, पण पूर्ण भार आला की तापते. मिरची कुटताना भार पूर्णच असतो. आणि अ‍ॅल्युमिनियम वजनाला तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम काढून त्यांनी मोजलं: ८०० ग्रॅम. माझ्या मोटारीत तांबं बसणार होतं २ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅमचा फरक, आणि माझ्या काट्यावर कमी भरलं होतं तेही तेवढंच.

मग मी विचारलं, "पहिल्यांदा जळली तेव्हा तर कंपनीचं तांबंच होतं. ती का जळली?" त्यावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः घरी आले, स्कूटरवरून, मीटर घेऊन. मीटर बोर्डापासून शेडपर्यंत २२ मीटर तार होती, एक चौरस मिलिमीटरची. ती आम्हीच टाकून घेतली होती, स्वस्तात. त्यांनी मिक्सर, हीटर आणि शेजारून आणलेली पाण्याची मोटार असं सगळं लावून शेडमधल्या प्लगला व्होल्टेज मोजून दाखवलं. मीटरपाशी २२५ होतं तेव्हा शेडमध्ये २१३. मोटार सुरू होताना ती काही पट जास्त करंट खेचते, तेव्हा त्या बारीक तारेत व्होल्टेज आणखी पडतं, मोटार वेग घ्यायला वेळ लावते आणि सुरुवातीची वायंडिंग गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहून तापते. ती घुमायची ती यामुळंच.

तेव्हा पहिल्या जळण्यात चूक आमची होती. हे लिहायला मला जड जात नाही, कारण पुढचा सगळा हिशेब मी त्यावरच केला. मला त्या दुकानदाराकडून जे माझं आहे तेवढंच हवं होतं.

मिस्त्रींचं बिल मी शब्दशः देते. तांब्याची तार २.६ किलो, ९८० रुपये दरानं २,५४८. इन्सुलेशन, वॉर्निश, भट्टी आणि मजुरी १,७००. दोन बेअरिंग ३८०. एकूण ४,६२८. वजा काढलेलं अ‍ॅल्युमिनियम ०.८ किलो, १२० रुपये दरानं ९६. देणं ४,५३२. खाली तारेचा गेज म्हणजे जाडी, मोटारीचा नंबर, तारीख, सही. शिवाय मोटार चालवून बघितल्यावर रिकामी असताना आणि भारावर असताना किती अँपिअर घेते, ते दोन आकडे.

आता हे बघा. पहिल्या दुकानदारानं तिसऱ्या वेळी घेतले ४,५००. यांनी घेतले ४,५३२. दर जवळजवळ सारखाच. म्हणून कुणी मला 'महाग पडलं का' असं विचारलं की उत्तर देता येत नाही. महाग-स्वस्त ठरवायला कशाचे पैसे दिले ते आधी कळावं लागतं. मला तीन वेळा ते कळलंच नव्हतं.

आणि वजा ९६ ही ओळ. जुनी तार गिऱ्हाइकाची असते, हे मला माहीतच नव्हतं. बहुतेक दुकानात ती दुकानदाराकडे राहते आणि मजुरीत धरली असं मानतात. तसं ठरलं असेल तर हरकत नाही, पण ठरलं पाहिजे. माझ्या मोटारीतलं कंपनीचं २.६ किलो तांबं, जळलेलं असलं तरी, त्या दिवशीच्या मोडीच्या भावानं म्हणजे ६५० नं १,६९० रुपयांचं होतं. ते मार्चमध्येच गेलं.

२३ मेला मोटार बसली. चार चौरस मिलिमीटरची नवी तार, अर्थिंगसकट ३,१५०, टाकणावळ ६००. भार वाढला की आपोआप बंद पडणारा स्टार्टर १,८५०. पण तोवर पाऊस लागला होता. त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच झोडपलं आणि २६ मेला तर मॉन्सूनच मुंबईपर्यंत पोहोचला. लोकांच्या वाळवलेल्या मिरच्या सादळल्या. आमच्याकडच्या बऱ्याच पिशव्या त्याआधीच दुसऱ्या डंखावर गेल्या होत्या. त्यातली एक माझ्या मावसनणंदेची होती.

२८ मेला मी त्या पहिल्या दुकानात गेले. एकटी. खरवडलेल्या तारेचा तुकडा पिशवीत, तिन्ही चिठ्ठ्या, नवं बिल. शांतपणे बोलायचं असं घरून ठरवून गेले होते आणि शेवटपर्यंत शांत राहिले. तो म्हणाला, ही तार माझ्या दुकानातली कशावरून? मग म्हणाला, पक्कं बिल पाहिजे होतं तर अठरा टक्के जास्त द्यायचे होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, तालमीतली ओळख आहे म्हणून ऐकून घेतोय." त्या वाक्यानं मला जास्त लागलं. घरी नवऱ्यानं ऐकलं आणि तो दोन दिवस गप्प होता. ओळखीचा माणूस तुटणार, हे त्यालाही दिसत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू कर. मी बरोबर आहे."

अठरा टक्क्यांबद्दल सांगते. दुरुस्तीच्या सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. पण तो नोंदणी असलेलाच घेऊ शकतो, आणि नोंदणी असेल तर नंबर दुकानाच्या पाटीवर लावावा लागतो. नोंदणी नसेल तर जीएसटी न लावता साधं बिल द्यायचं, ते द्यायला काही जास्त लागत नाही. आणि बिल किंवा पावती न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून धरलेली आहे.

२ जूनला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीनं सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा नंबर मेसेजनं आला. मोठ्या कंपन्यांपर्यंत त्यांची तक्रार थेट जाते. कोपऱ्यावरच्या दुकानाला ते कळवणार कसं, त्याला ईमेलच नाही. तिनं हे स्पष्ट सांगितलं आणि पुढं काय करायचं तेही: आधी लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग जिल्हा ग्राहक आयोग. फोन वाया गेला असं मला वाटलं नाही. आपण बोलतो ते कुणीतरी नीट ऐकतंय, याचाच तेव्हा आधार वाटला.

नोटीस मीच लिहिली, मराठीत, दोन पानं. वकिलाची लागत नाही. तारखा, रकमा, काय सापडलं, काय हवं. मागणी अशी: दुसऱ्या वेळचे ३,८००, तिसऱ्या वेळचे ४,५०० वजा कपॅसिटर-बेअरिंगचे ७००, म्हणजे ३,८००, जुन्या तांब्याचे १,६९०. एकूण ९,२९०. पहिल्या वेळचे ४,२०० मागितले नाहीत. त्या वेळीही अ‍ॅल्युमिनियमच भरलं होतं, असं मिस्त्रींचं म्हणणं, पण मोटार पहिल्यांदा आमच्या तारेनं जळली होती आणि काहीतरी काम तर झालंच होतं. नात्यातल्या एकानं 'पन्नास हजार माग, मग पाच देतील' असं सांगितलं. मला तसं लिहिता आलं नाही. १० जूनला, वटपौर्णिमेच्या दिवशी, वडाला जाऊन तशीच पोस्टात गेले आणि पोचपावतीसह रजिस्टर केलं. चाळीस रुपयांच्या आत झालं. त्याच्या सहीची पोचपावती १९ तारखेला परत आली. उत्तर आलं नाही.

मिस्त्रींकडे मी लेखी मत मागितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. "एका धंद्यातली माणसं आम्ही. रोज तोंड बघायचं असतंय एकमेकांचं." आधी वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "पण मी काय काढलं आणि काय घातलं ते माझ्या बिलावर लिहून देतो की. ते माझं काम आहे." बिलावर त्यांनी एक ओळ वाढवली: 'आतील जुनी अ‍ॅल्युमिनियम वायंडिंग काढली'. तेवढं पुरलं. कुणाला दुसऱ्याविरुद्ध बोलायला लावण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या कामाचा कागद मागावा, तो माणूस आनंदानं देतो.

जुलैमध्ये ई-जागृती या संकेतस्थळावर मोबाइल नंबरनं खातं उघडलं. तक्रार आता ऑनलाइन भरता येते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पैसे दिले ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. माझी १२,५०० होती. एक गोष्ट मात्र नीट लिहावी लागते. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा कायद्याच्या दृष्टीनं ग्राहक नसतो. पण फक्त स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारातून ती वापरणाऱ्याला सूट आहे. म्हणून मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की यंत्र मी आणि सासूबाई चालवतो, नोकर नाही, हाच आमचा रोजगार. बचत गटाच्या कर्जाचा कागद जोडला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला कागदांनी. तक्रार, तारखांची यादी, कागदपत्रांची यादी, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, नोटीस, पोचपावती, फोटो, सगळ्याचं स्कॅन करून पानांना क्रमांक घालायचे. प्रतिज्ञापत्राला नोटरीचे २०० रुपये, झेरॉक्स आणि स्कॅनिंगला २१०. नुकसानभरपाई आणि खर्चाचे मिळून ५,००० जास्त मागितले. १६ जुलैला भरलं. २२ ला त्रुटी निघाली: एप्रिलची चिठ्ठी वाचता येत नाही. पेन्सिलीनं लिहिलेली होती ती. मी तिच्याखाली मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून, सही करून पुन्हा चढवली. अशा चिठ्ठीचा फोटो मिळाल्याच्या दिवशीच काढून ठेवा.

११ ऑगस्टला तक्रार दाखल करून घेण्यासाठी तारीख होती. मी वकिलाशिवाय गेले. स्वतः बोलायला परवानगी असते. त्या आठवड्यात शहरात सगळीकडे उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचीच चर्चा होती, १८ ऑगस्टपासून ते कोल्हापुरात सुरू होणार होतं. माझ्या बाकावर बसलेले एक आजोबा त्यासाठी चाळीस वर्षं थांबल्याचं सांगत होते. माझा नंबर पावणेदोनला आला. तोंड कोरडं पडलं होतं. मला तीन प्रश्न विचारले: पैसे कसे दिले, तार जपून ठेवली आहे का, नोटीस पोचली का. पाच मिनिटांत मी बाहेर. तक्रार दाखल झाली, विरुद्ध पक्षाला नोटीस निघाली, पुढची तारीख १७ सप्टेंबर.

२४ ऑगस्टला, रविवारी संध्याकाळी, तो दुकानदार आमच्या घरी आला. गणपती तीन दिवसांवर होते, अंगणात आरास पसरलेली होती. सासूबाईंनी चहा केला. आधी कुणीच विषय काढेना. मग त्यानं स्वतःच सांगायला सुरुवात केली. लोक फोन करून दर विचारतात, पाचशे जास्त सांगितले की दुसरीकडे जातात. तांब्याचा भाव हा असा. मग अ‍ॅल्युमिनियम भरावं लागतं. "सगळेच भरत्यात वहिनी."

मी त्याला म्हटलं ते अजूनही माझं तेच म्हणणं आहे. "दादा, अ‍ॅल्युमिनियम भरा. पण चिठ्ठीवर अ‍ॅल्युमिनियम लिहा आणि त्याचा दर लावा. मी विचारलं होतं तुम्हाला." तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, पहिल्या वेळी कामाला ठेवलेल्या पोरानं भरली होती. ते खरं असेल किंवा नसेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचं तो काही बोलला नाही.

साडेसहा हजारावर आलं. नवऱ्याला आणखी ताणायचं होतं, मला नव्हतं. पण तोंडी मिटवायला मी तयार झाले नाही, आणि हे मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतं: तक्रार चालू असताना घरच्या घरी पैसे घेऊन तारखेला गैरहजर राहू नका. १७ सप्टेंबरला दोघं आयोगात गेलो, तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, त्यावर दोघांच्या सह्या, ६,५०० रुपये त्याच दिवशी माझ्या खात्यावर. तक्रार निकाली निघाली. माझा सगळा खर्च नोटीस, नोटरी, झेरॉक्स आणि रिक्षा धरून आठशेच्या आसपास, आणि दोन पूर्ण दिवस.

बाहेर पडताना जिन्यात तो थांबला आणि विचारलं, "त्या मिस्त्रीनं तांबं कुठल्या दरानं लावलं?" मी सांगितलं, ९८०. तो थोडा वेळ बोटांवर हिशेब करत उभा होता. मग त्याची गाडी त्या बाजूला आणि माझी रिक्षा या बाजूला.

तालमीच्या गणपतीत नवरा आणि तो एकमेकांशी बोलले नव्हते. दिवाळीत बोलले, असं कळलं.

मोटार भारावर १०.८ अँपिअर घेते. मोटारीच्या पाटीवर ११.५ लिहिलेत. शेडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दर रविवारी तो आकडा लिहिते. मिस्त्रींनी वापरायला शिकवलेला चिमट्याचा मीटर आता घरीच आहे, १,१०० रुपयांचा. परवा पहिल्या ब्याडगीच्या पिशव्या आल्या. मावसनणंदेची चार किलोची पिशवीही आहे त्यात, तिचा नंबर दुसरा.